दोन्ही बाजूंना जहाज

तपासनीसबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण जगाकडे बघायची त्यांची नजर अजून टांकसाळीतलीच होती. एकतीस वर्षं त्या तिथे एका सरकत्या पट्ट्यासमोर बसल्या. पट्ट्यावरून नवीकोरी नाणी पुढे जायची आणि त्यातलं वाकडं, पुसट, अर्धवट किंवा दोनदा छापलेलं जे दिसेल ते उचलून डाव्या हाताच्या लाल डब्यात टाकायचं, हे त्यांचं काम. डबा भरला की भट्टीत जायचा. माणसांसाठीही असा एक डबा हवा होता असं बाईंचं ठाम मत होतं, आणि त्यात कुणाकुणाला टाकायचं याची यादीही त्यांच्यापाशी तयार होती.

यादीत पहिला नंबर जावयाचा.

जावयाने चष्म्याच्या दुकानाला लागून एक बोळासारखी जागा घेतली होती. आत काचेचं एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मोठं भिंग धरलेल्या हाताचं चित्र, आणि काचेखाली मखमलीवर मांडलेली चुकलेली नाणी. म्हणजे बाई ज्यांना लाल डब्यात फेकायच्या तीच. त्यातलं एखादं नजर चुकवून बाहेर निसटलं की लोक ते हजारो मोजून घेतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं तेव्हा जावई थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं.

"म्हणजे कामगाराला लागलेली डुलकी तुम्ही विकता," त्या म्हणाल्या.

"आई, दुर्मीळ असतं ते."

"जावईबापू, मूर्खपणा दुर्मीळ कधीपासून झाला?"

जावई हसला. तो सगळ्यालाच हसायचा आणि बाईंना त्याचं तेच सगळ्यात नकोसं वाटायचं. पण लेकीने गळ घातली, आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा चार लोकांना नावं ठेवणं त्यांनाही बरं वाटलं. दर रविवारी सकाळी त्या दुकानात बसू लागल्या. जावयाने दारावर पाटी लावली: 'टांकसाळीतील निवृत्त तपासनीस आपली नाणी स्वतः पाहून देतील. विनामूल्य.' त्या शेवटच्या शब्दाने रांग चष्म्याच्या दुकानाच्या दारापर्यंत जायची आणि चष्मेवाला दर वेळी भांडायला यायचा.

रांगेतल्या लोकांबद्दल बाईंना काय वाटायचं ते त्यांच्या नाकपुड्यांवरून कळायचं. कुणीतरी फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला असायचा, आपल्या गल्ल्यातलं एखादं नाणं लाखाचं आहे असं त्या व्हिडिओतल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलेलं असायचं, आणि मग हे लोक घरातले डबे पालथे करून येत. एकाने रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं आणलं. एकीने ॲसिडमध्ये बुडवलेलं. एक निवृत्त मास्तर भोक पाडलेलं नाणं घेऊन आले आणि भोक टांकसाळीतच पडलं असणार हे बाईंना पंधरा मिनिटं समजावत बसले.

"मास्तर, टांकसाळीत गळ्यात घालायची नाणी पाडत नाहीत," बाई म्हणाल्या. "पुढचे."

सगळ्यांना त्यांचा निकाल दोन शब्दांचा: "मार लागलाय." या धंद्यात कळायचं असतं ते एवढंच. नाण्यात टांकसाळीच्या आत जे बिघडतं ती चूक, आणि बाहेर आल्यावर जे बिघडतं तो मार. चुकीला किंमत असते, माराला नसते. मग चूक केवढी आहे, नुसत्या डोळ्यांना दिसते का, नाणं किती वापरलं गेलंय, तसली आणखी किती सापडलीत, यावरून भाव ठरतो. पण भावापर्यंत गोष्ट जायचीच नाही. शंभरातली नव्याण्णव नाणी मारातच निघायची, आणि त्या नव्याण्णवांची तोंडं उतरलेली बघून बाईंना रविवारचं जेवण गोड लागायचं.

अशाच एका रविवारी पलीकडच्या गल्लीतला इस्त्रीवाला आला. पन्नाशीचा, अंगाने वाळकुडा, हाताच्या बोटांवर जुने भाजल्याचे डाग. नाणं त्याने रुमालात आणलं होतं, आणि रुमालाची घडी अशी की कडांनी बोट कापावं. त्याने घडी एकेक पदर करत उलगडली. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"आठ वर्षांपूर्वी सुट्ट्यात आलं होतं," तो म्हणाला. "खणात निळीच्या पुड्यांबरोबर पडून होतं. बाई, यातलं जहाज आत गेलंय."

नाण्याच्या एका अंगाला जहाज आणि साल, दुसऱ्या अंगाला मोठा आकडा, अशी ती नेहमीच्या वापरातली नाणी. याच्या नाण्यावर जिथे आकडा असायला हवा तिथे जहाजाचा खड्डा होता. जहाज आत घुसलेलं आणि आरशात दिसावं तसं उलटं. बाईंनी ते रुमालावरच ठेवून बघितलं. भिंग उचललं नाही.

"शिकंज्यात दाबलंय," त्या म्हणाल्या. "एका नाण्यावर दुसरं ठेवायचं आणि शिकंजा आवळायचा. शाळेतली पोरं करतात हे धंदे."

"माझ्याकडे शिकंजा नाही हो, बाई."

"मग काय आहे?"

"प्रेस आहे," इस्त्रीवाला म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं इस्त्री. पण रांगेत हशा पिकला. टांकसाळीतल्या छापयंत्रालाही प्रेसच म्हणतात, आणि ही संधी बाई सोडतील कशाला?

"बघा, कबूलच केलं की! अहो, कपड्यांना इस्त्री करा. नाण्यांना नको."

आणखी मोठा हशा. इस्त्रीवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एकदा उलटून तरी बघा," तो हळूच म्हणाला.

"मागे तीस माणसं उभी आहेत. पुढचे."

त्याने रुमाल होता तशाच घडीत परत घातला. एवढ्या अपमानातही त्याचा हात वाकडा गेला नाही, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्याचंही त्यांना हसू आलं. तेवढ्यात जावई "चहाचं सांगून येतो" म्हणून बाहेर गेला. दुपारी जेवताना बाईंनी प्रेसचा किस्सा लेकीला दोनदा ऐकवला.

यानंतर अडीच आठवड्यांनी, एका सकाळी, बाई घरी शेंगा सोलत बसल्या असताना जावई आणि लेक दोघं आले. एरवी कायम घाईत असणारा जावई आज निवांत होता. त्याने खिशातून प्लास्टिकची छोटी डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"आई, एक चीज आलीय. एका जुन्या संग्राहकाकडची. दातांचे डॉक्टर घेणार आहेत, पण ते म्हणतात तुमचं पत्र हवं. तुमच्या शब्दाशिवाय ते पैसा सोडणार नाहीत."

दातांचे डॉक्टर म्हणजे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लोकांच्या किडक्या दाढा काढून आलेला पैसा हा माणूस किडक्या नाण्यांत घालतो, असं बाई म्हणायच्या. पण त्यांना नाण्यातलं कळतं, एवढं त्या मानायच्या, आणि असं मानलेली माणसं त्यांच्या आयुष्यात तीन होती.

बाईंनी हात पुसले, भिंग लावलं, नाणं कडेला धरून उचललं. वरच्या बाजूला खोल, उलटं जहाज. त्यांनी नाणं फिरवलं. तिथेही जहाज! पण हे सरळ, उठावाचं, असं ठसठशीत की डोलकाठीचे दोर मोजून घ्यावेत. कुठे चेपलेलं नाही, कुठे घासलेलं नाही. पुन्हा पहिली बाजू. खड्ड्याच्या तळाशी आकड्याची सावलीसुद्धा नव्हती. म्हणजे आकडा इथे कधी छापलाच गेला नव्हता.

शिकंज्यात हे होत नाही. शिकंज्यात एका बाजूला खड्डा पाडायचा तर दुसरी बाजू चेपते, आणि जुना आकडा कुठे ना कुठे शिल्लक राहतो. हे फक्त टांकसाळीत होऊ शकतं. एक नाणं छापून झाल्यावर वरच्या ठशाला चिकटून बसतं, खाली नवी कोरी चकती येते, आणि घाव पडतो तेव्हा त्या चकतीवर आकड्याचा ठसा उमटण्याऐवजी चिकटलेल्या नाण्याचं जहाज उलटं रुततं. जावई याला ब्रॉकेज म्हणायचा. टांकसाळीत याला काही नाव नव्हतं. डब्यात टाकायच्या वस्तूला नाव कोण ठेवतं?

"आई?" लेक म्हणाली.

"अस्सल आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळाच निघाला. "नाणं चिकटल्यानंतरच्या पहिल्याच घावाचं आहे. कडा बघ कशा आहेत. असलं मी पट्ट्यावर एकदाही पाहिलं नाही."

मग त्यांनी साल वाचलं. त्या साली पट्ट्यावर त्या स्वतः होत्या. म्हणजे हे त्यांच्या समोरून गेलं होतं, सरळ बाजू वर करून, साळसूदासारखं. बाईंनी भिंग आणखी जवळ नेलं, आणि तेव्हा त्यांना रुतलेल्या डोलकाठीच्या बारीक चरीत निळं काहीतरी दिसलं. त्यांनी सोललेले दाणे टाकलेल्या पाण्यात बोट बुडवून चरीवर टेकवलं. बोटाला नीळ लागली.

त्यांनी ते निळं बोट जावयापुढे धरलं.

"जुना संग्राहक," बाई म्हणाल्या. "रुमालाची घडी छान घालतो, तोच ना?"

जावई हसला नाही हे पहिल्यांदाच घडलं. "आई, ऐका तर."

"त्या दिवशी चहाचं सांगायला गेलात ते त्याच्या मागे गेलात. किती दिलेत?"

"तीनशे. तो खूश होऊन गेला."

"आणि डॉक्टरांकडून?"

"चार लाख ठरलेत."

"चोर आहेस तू," बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. कितीही घालूनपाडून बोलल्या तरी 'तुम्ही' सुटलं नव्हतं. लेकीने मान वर केली.

जावयाचा चेहरा मात्र शांत झाला. "मी काय चोरलं? तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत की नाणं खोटं आहे. मी खोटं नाणं खोट्याच्या भावात घेतलं. उलटून बघा असं तो म्हणत होता. तुम्ही नाही बघितलंत. मी बघितलं."

बाईंनी नाणं डबीत परत ठेवलं. या माणसापुढे बोलण्यात त्या आजवर एकदाही हरल्या नव्हत्या.

"आई, उगाच ताणू नकोस," लेक म्हणाली. "पत्र दे आणि मोकळी हो. त्या माणसाला काय कळतंय यातलं?"

"कागद आण," बाई म्हणाल्या.

दोघांना हायसं वाटलं. बाईंनी टेबल पुसलं, चष्मा बदलला आणि टांकसाळीत अहवाल लिहायच्या त्याच सरळ उभ्या अक्षरात लिहिलं: हे नाणं अस्सल आहे. ते पलीकडच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने अमुक तारखेला मला दाखवलं. मी ते न उलटता, भिंग न लावता खोटं ठरवलं आणि त्याची टिंगल केली. माझ्या त्या निकालाचा फायदा घेऊन माझ्या जावयाने ते त्याच्याकडून तीनशेला घेतलं. खाली सही, हुद्दा, तारीख.

जावयाने वाचलं. "हे डॉक्टरांना कसं दाखवू?"

"तुम्ही नका दाखवू. मी फोनवर वाचून दाखवते. नंबर आहे माझ्याकडे."

पत्राशिवाय डॉक्टर जावयाकडच्या नाण्याला हात लावणार नव्हते, आणि हे पत्र पाहून तर नाहीच नाही. जावयाने दोन मिनिटं हिशेब केला, मग डबी बाईंच्या पुढ्यात आपटली. "घ्या. मिरवा. माझे तीनशे तेवढे टाका."

बाईंनी पर्समधून तीनशे काढून दिले. त्याने ते मोजून घेतले, आणि बाईंना त्याच्याविषयी जे काही वाटायचं ते सगळं खरं ठरल्याचं तेवढं एक समाधान मिळालं.

लेक दारात थांबली. "आई, आमच्यात तुला कधी काही बरं दिसलंय का गं?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरली.

त्याच दिवशी दुपारी बाई इस्त्रीवाल्याच्या दुकानात गेल्या. दहा पावलांची खोली. ओल्या कापडाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, फळ्यांवर नंबर टाचलेली गाठोडी, टेबलावर चार पदरी घोंगडी आणि त्यावर कुणाचा तरी पांढरा शर्ट. इस्त्रीवाल्याची बायको कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत होती. कपडे न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं उभी होती. इस्त्रीवाल्याने बाईंना ओळखलं आणि इस्त्री चालूच ठेवली. बसा म्हणाला नाही. बसायला काही नव्हतंही.

"तुमच्या नाण्याबद्दल आलेय," बाई म्हणाल्या. "मी चुकले."

"कशात?"

"ते खोटं म्हणाले, त्यात."

"कुठलं नाणं? मी तर इस्त्री करून नाणी पाडतो. कुठलं ते सांगा की." त्याने कॉलर उलटी केली. गिऱ्हाइकं आता लक्ष देऊन ऐकत होती.

बाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रांग, हशा, न उचललेलं भिंग, जावई, तीनशे. त्यांचे पाय दुखत होते आणि मानेवरून घाम ओघळत होता, पण त्यांनी एकही गोष्ट गाळली नाही. डबी आणि जावयाचा उल्लेख वगळून नव्याने लिहिलेलं एक पत्र त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवलं.

"दातांचे डॉक्टर आहेत, त्यांचा पत्ता लिहिलाय. चार लाखांच्या खाली देऊ नका."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "तीनशेचं नाणं अडीच आठवड्यांत चार लाखांचं झालं?"

"होतं तेवढ्याचंच. मला दिसलं नाही."

"आणि यात तुमचं काय?"

"काही नाही."

"काही नसताना या उकाड्यात कुणी येतं होय!" तो गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला. "आधी सासू खोटं म्हणते, मग जावई विकत घेतो, मग सासू परत आणून देते आणि आता डॉक्टरकडे जा म्हणते. तिथे गेलो की तो म्हणेल, हे तर चोरीचं नाणं, बस आत. ठेवा तुमचं पत्र तुमच्याजवळ."

त्याची बायको उठून आली होती. तिने डबी उघडली, नाणं या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. "मी यांना तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली, "दोन्ही बाजूंना जहाज आहे, बाईंना दोन्ही दाखवा म्हणून." आणि डबी कमरेला खोचून ती परत चादरींकडे गेली.

बाई पत्र घेऊन घरी आल्या. वाटेत त्या मनातल्या मनात त्याला मूर्ख म्हणाल्या, अडाणी म्हणाल्या, संशयी म्हणाल्या. रविवारी त्या दुकानात गेल्या नाहीत, आणि त्यांना बोलवायलाही कुणी आलं नाही. पाटी उतरवलीय, असं चष्मेवाल्याने बाजारात भेटल्यावर आनंदाने सांगितलं.

महिन्याभराने दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाजात लहान मुलासारखा उत्साह होता. जावयाकडचं हुकलं, पण तसंच दोन्ही बाजूंना जहाज असलेलं एक ब्रॉकेज त्यांना मिळालं होतं, स्टेशनसमोरच्या व्यापाऱ्याकडून. "पाच लाख घेतले लेकाने. पण काय नाणं आहे, बाई! चरीत किंचित नीळ आहे, ती मी काढणार नाही. तुम्ही एकदा बघाल का?"

"मी पाहिलंय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

स्टेशनसमोरचा व्यापारी त्यांच्या यादीत जावयाच्या बरोबरीने होता. गोड बोलून माणसाच्या अंगावरचं कापड उतरवेल आणि वर घडी घालून परत देईल असा. बाईंना राहवलं नाही. कपाटातले दोन पडदे पिशवीत घालून त्या इस्त्रीवाल्याकडे गेल्या. दुकानात नवीन पंखा फिरत होता. इस्त्रीवाला खुशीत होता.

"विकलं हो नाणं," तो आपणहून म्हणाला. "स्टेशनसमोर. चाळीस हजार दिले! रोख. आणि माणूस काय सभ्य! आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी विचारलं, थंड घेणार की गरम विचारलं. भिंग लावून अर्धा तास बघत होता, दोन्ही बाजूंनी. याला म्हणतात जाणकार." पडदे उलगडून बघत तो म्हणाला, "परवा मिळतील," आणि गाठोडं पोचवायला समोरच्या इमारतीत गेला.

बाई वळल्या तेव्हा त्याची बायको दारात आडवी उभी होती.

"बाई, खरं सांगा. तुम्ही चार लाख म्हणाला होतात. जास्त आले असते का हो?"

तिच्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती. वरच्या फळीवर पंख्याचं रिकामं खोकं जपून ठेवलेलं होतं. बाईंनी आयुष्यात कुणाला खोटा भाव सांगितला नव्हता, त्याचा त्यांना केवढा ताठा होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस म्हणजे बरा भाव आला. चार लाख मी उगाच म्हटलं. अंदाज चुकला माझा."

इस्त्रीवाल्याच्या बायकोने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग दारातून बाजूला झाली.

"तुमचे फारच चुकतात हो अंदाज," ती म्हणाली, आणि चादरीची उरलेली घडी घालू लागली.